आवारात ॲपची गाडी नाही

येणार नाय ती, साहेब. तुम्ही कितीबी बघत बसा त्या मोबाईलकडं — ती गाडी बिटको चौकात उभी हाय आन् तिथंच उभी राहणार. बघा, वळलं ना चित्रातलं तोंड तिकडं? झालं, कॅन्सल. आता दुसरी शोधतंय. दुसरी पण तेच करणार. त्यांना स्टेशनच्या आवारात यायला बंदी हाय — कुणाची म्हणून काय विचारता? आमची. स्टँडची. तो बोर्ड मीच रंगवून घेतलाय. मी देवराम गायधनी, या टॅक्सी स्टँडचा अध्यक्ष. बसा की बाकड्यावर, ऊन लागतंय. बॅग ठेवा पायाशी. भाड्यासाठी मागं नाय लागत तुमच्या, घाबरू नका. आमचं भाडं तुम्हाला जास्त वाटलं ते दिसलं मला मघाशी, जयरामनं त्र्यंबकचं सांगितलं तेव्हा. हसलात तुम्ही. हसा — सगळेच हसतात.

आम्ही लुटारू, नाय का? ते ठरलेलंच हाय. पेपरात तेच, पुढाऱ्याच्या तोंडात तेच — नाशिकचे टॅक्सीवाले मुजोर, रिक्षावाले मुजोर, मीटर टाकत नायत. आता मीटर टाकत नाय हे खरंय, मी कशाला खोटं बोलू. पण आमचं भाडं वाढवायचं तर सरकारच्या दारात उभं राहावं लागतं — अर्ज द्या, समिती बसणार, समिती उठणार, आन् दर येईस्तोवर डिझेल कुठल्या कुठं गेलेलं असतं. परमिट सरकारचं, बॅज सरकारचा, बॅजसाठी पोलिसांचा दाखला, वर्षाला पासिंग, खाकी शर्ट नसला तर दंड. आन् हे ॲपवाले? ते म्हणतात आम्ही टॅक्सीवाले नायच. आम्ही नुसती गाठ घालून देतो — लग्न जुळवणाऱ्या मामासारखं. दोन्हीकडून जेवायचं आन् नवरा पळाला की म्हणायचं, आम्हाला काय माहिती. पाऊस पडला, भाडं वाढलं. श्रावणातला सोमवार आला, त्र्यंबकची गर्दी झाली, देवाच्या नावानं भाडं वाढलं. हेच मी केलं की मुजोर, मशीननं केलं की — काय शब्द हाय त्यांचा — मागणीनुसार दर. वा. शिकलेला शब्द लावला की चोरीला पण इस्त्री होती.

आन् सरकार? सरकारला तर मी कोपरापासून नमस्कार करतो. पहिली कित्येक वर्षं म्हणे आमचा संबंध नाय. मग म्हणे धोरण करू. धोरणाचा मसुदा, मसुद्यावर हरकती, हरकतींवर समिती. अहो, ज्या शहराला बस कुठून कुठं जावी ते अजून धड ठरवता येत नाय, मेट्रो येणार येणार म्हणून आमचे केस गेले, ते शहर ॲपला लगाम घालणार? तोपर्यंत रस्ते गाड्यांनी भरले. जो उठतो तो कर्ज काढतो, पांढरी गाडी घेतो, आन् बिटकोला जाऊन मोबाईलकडं तोंड करून उभा राहतो. पब्लिकचं तर विचारूच नका. तुम्हाला स्वस्त पायजे, लगेच पायजे, एसी पायजे, आन् ड्रायव्हरनं जेवलं पायजे का नाय याच्याशी तुम्हाला घेणं नाय. तुम्हाला म्हणून नाय म्हणत. तुम्हाला पण म्हणतोय थोडंसं.

आमच्या स्टँडची पण मी आरती ओवाळत नाय. हे जे पसरलेत ना सावलीत, निम्म्यांच्या गाड्यांचे ब्रेक मला ऐकवत नायत. म्हातारं माणूस दिसलं की भाडं वाढवणार, बाईमाणूस एकटं दिसलं की गाणी मोठी लावणार. मला सगळं कळतं. पण ॲपची कशी चाल असती, ते पहिल्यांदा कमिशन कमी घेतात, मग हळूच वाढवतात, ड्रायव्हर सोडून जाऊ शकत नाय असं बघून — हे मला आधी कळत नव्हतं. ते मला योगिनीनं समजावलं, घरी ओट्यावर बसून, शेंगा सोलता सोलता. योगिनी म्हणजे — जाऊ द्या. ते नको.

काय झालं, परत कॅन्सल? हं. मग ऐका, तशी पण गाडी येत नाय.

योगिनी माझी पोरगी. आम्ही पळशाचे, इथून सिन्नरच्या रस्त्यानं जवळच. साखर कारखान्याच्या मागं मोकळं मैदान हाय, तिथं तिला गाडी शिकवली मी. ती कॉलेजात होती. तिची आई माझ्याशी बोलायची बंद झाली होती, म्हणे पोरीला ड्रायव्हर करताय का. मी म्हटलं, शिकली तर काय झिजत नाय. ऊस खाली करून गेलेल्या बैलगाड्या उभ्या असायच्या, त्यांच्या मधनं रिव्हर्स घ्यायला लावायचो. मान वळवायची नाय, नुसतं आरशात बघायचं — मान वळली की हात वळतो. एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायची वेळ नाय आली. माझा पोरगा असता तर एवढ्यात दोन बैल मारले असते त्यानं.

मग लग्न झालं, निफाडला दिली. जावई प्रफुल्ल, द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर, सरळ माणूस. ती इथं एका ऑफिसात टेबलाला बसायची, रोज निफाडवरून बसनं ये-जा. ते ऑफिस बंद पडलं. तर ही घरी येऊन मला म्हणती, नाना, मी गाडी घेणार, टॅक्सी पासिंग. मला वाटलं गंमत करती. तर हिनं आरटीओत जाऊन बॅज पण काढला. सरकारनं बॅज दिला तिला — बघा, ज्या सरकारला मी शिव्या घालतो त्याला बाई चालली. गाडी घेतली, झेंडूचा हार घातला आन् सरळ इथं आणली. म्हणाली, तुमच्यामागं नंबर लावते. तुम्ही थकलात की तुमचा नंबर मला.

आता स्टँडवर नंबर म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाय. वडलांचा नंबर पोराला मिळतो, अशीच रीत हाय. मला पोरगा नाय. मी सभा बोलावली. तिथंच, त्या पिंपळाखाली. आन् जयराम उठला — हाच जयराम, ज्याला तुम्ही हसलात. म्हणाला, देवरामभाऊ, पोरगी गुणाची हाय, आपल्या डोळ्यांसमोर वाढली. पण बाई स्टँडवर आली की आपल्याला तोंड सांभाळावं लागंल. दुपारी शर्ट काढून पडता येणार नाय. आन् उद्या एखाद्या पॅसेंजरनं काय केलं तर जबाबदारी कुणाची? सगळ्यांनी माना हलवल्या. जबाबदारी म्हणे. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या गाडीच्या टायरची जबाबदारी घेतली नाय ते जबाबदारीवर बोलत होते.

मी? मी काय बोलणार? अध्यक्षाला मत नसतं, साहेब. अध्यक्ष सभा चालवतो. मी सभा चालवली, ठराव झाला, सगळ्यांचा झाला. ती बाहेर गाडीत बसली होती, काचा वर करून. मी जाऊन सांगितलं, होईल पुढं-मागं, आत्ता नको. ती म्हणाली, ‘नाना, तुम्ही काय म्हणालात त्यांना?’ मी तेच सांगितलं, अध्यक्षाला मत नसतं. तिनं माझ्याकडं बघितलं, चावी फिरवली आन् गेली. हार तसाच होता बॉनेटला.

मग काय, ॲपला जोडली गाडी. त्यांना चालती ना बाई. त्यांना कोणीबी चालतं — माणूस दिसतच नाय त्यांना, त्यांना नुसता ठिपका दिसतो. सुरुवातीला लय गोड. फेऱ्या जास्त, बक्षीस जास्त. रविवारी घरी यायची तेव्हा खुश असायची, आईला साडी, मला तो मानेला लावायचा पट्टा. मग हळूहळू बोलणं बदललं. दिंडोरीकडं वायनरीत सोडायला पाठवायचे, आन् येताना रिकामी. नाय म्हटलं तर पुढची भाडी कमी. मी म्हटलं, मी सांगितलं होतं ना. खरंतर मी काय सांगितलं नव्हतं. पण बापानं तसं म्हणायचं असतं.

आन् मग ते आवारातलं झालं. ते तुम्हाला इथं कुणीबी सांगंल, लय फुशारकीनं सांगतील. देवळालीची एक म्हातारी, सखुबाई नाव, मनमाडला लेकीकडं चालली होती, पाय सुजून हे एवढे झालेले. योगिनीनं तिला आणलं आन् बिटकोला न सोडता गाडी सरळ आत घेतली, पार तिकीट खिडकीच्या पायऱ्यांपर्यंत. जयरामनं त्याची टॅक्सी आडवी लावली. बाकीचे गोळा. मला चहाच्या टपरीवरून बोलावून आणलं. सगळे माझ्याकडं बघतायत — आता काय करतो अध्यक्ष? पोरीला सोडतो का बोर्ड पाळतो? मला सांगा, मी काय करायला पायजे होतं? त्या दिवशी तिला सोडली असती तर दुसऱ्या दिवशी इथं शंभर गाड्या आत घुसल्या असत्या. नियम हा नियम असतो. मी जाऊन काचेवर टकटक केलं आन् म्हटलं, ‘बाई, गाडी बाहेर घ्या.’

बाई म्हटलं. हो. स्वतःच्या पोरीला. नियम सगळ्यांना सारखा.

तिनं काच खाली केली. म्हणाली, ‘नाना, आजींना फक्त उतरवते. चालवत नाही त्यांना.’ मी म्हटलं, बाहेर. ती म्हातारी बिचारी मागं बसून ऐकत होती, ती म्हणाली, राहू दे गं पोरी, मी जाते हळूहळू. तर ही काय करती — गाडी बंद केली, तिथंच, मधोमध, चावी काढून घेतली, म्हातारीला हाताला धरून उतरवलं आन् घेऊन गेली आत, एक एक पायरी. मागं सगळे हॉर्न वाजवतायत, शिव्या देतायत, हिनं मागं वळून बघितलं नाय. म्हातारीला रेल्वेत बसवूनच आली असणार, एवढा वेळ लावला. परत आली, स्टेअरिंगला बसली. पुढं जयरामची गाडी. मग हिनं रिव्हर्स टाकला. पायऱ्यांपासून पार मेन रोडपर्यंत, दोन्ही बाजूंना टॅक्स्या लागलेल्या, रिक्षा घुसलेल्या — आन् मान वळवली नाय, साहेब. एका दमात गेली. कुणाला घासली नाय. जयराम म्हणाला, चालवती मात्र झकास. कुणी शिकवलं ते नाय विचारलं त्यानं.

त्याच्या पुढच्या निवडणुकीत मला बिनविरोध निवडून दिलं. हार घातला. अध्यक्ष असावा तर असा, म्हणाले. स्वतःच्या रक्ताची गाडी बाहेर काढली. फोटो हाय बघा ऑफिसात, मी हसतोय त्यात.

त्या रविवारी ती आली नाय घरी. द्राक्षाचा सीझन होता, जावयाला सुट्टी नसती, पोरंबाळं असतात. त्याच्या पुढच्या रविवारी पण सीझनच होता.

मग तो धोरणाचा तमाशा. मुंबईहून साहेब आले, म्हणे दोन्ही बाजूंचं ऐकून घेणार. एका मोठ्या हॉलात टेबलं लावली, एकीकडं आम्ही स्टँडवाले, एकीकडं ॲपचे ड्रायव्हर. मी खाकी शर्ट कडक इस्त्री करून गेलो, भाषण पाठ करून गेलो. आन् समोर बघतो तर पहिल्या खुर्चीत योगिनी. ॲपवाल्यांच्या वतीनं बोलणार योगिनी कुशारे. सासरचं आडनाव, त्यामुळं साहेबाला काय कळलं नाय. आमच्या बाजूच्यांना कळलं. एकमेकांना कोपर मारत होते, गाढवं.

मला वाटलं आता ही ॲपची बाजू घेणार, आम्हाला मुजोर म्हणणार. मी तयारीत होतो. तर ती उठली आन् म्हणाली — मोठ्यानं नाय, असं घरात बोलावं तसं — ‘माझी आयडी कंपनीनं बंद केली आहे. एका गिऱ्हाईकाला मी म्हणाले, गाडीत दारू पिऊ नका. त्यानं तक्रार केली आणि माझी गाडी बंद झाली. का, ते विचारायला माणूस नाही. फोन लावला की मशीन बोलतं, इंग्रजीसाठी एक दाबा. तुम्ही धोरण लिहिताय तर एवढंच लिहा, की कुणाची गाडी बंद करायच्या आधी एका माणसानं त्याला समोर बसवून विचारावं.’ साहेब मान हलवत होता. मला वाटलं संपलं. मग म्हणाली, ‘आणि ते स्टँडसाठी पण लिहा. तिथंही मला कुणी विचारलं नव्हतं. गायधनी साहेब समोर बसलेत, त्यांना माहिती आहे.’

गायधनी साहेब.

नाना नाय. असू द्या, सरकारी बैठक होती, नाना कसं म्हणणार.

मग माझी पाळी आली. उठलो आन् माझं भाषण केलं. जसं पाठ केलं होतं तसंच. ॲपवर बंदी घाला, परमिटवाल्याला न्याय द्या, बेकायदा गाड्या जप्त करा. टाळ्या पडल्या, आमच्या बाजूनं. मी तिच्याकडं बघितलं नाय. बघितलं असतं तर शब्द विसरलो असतो, पाठांतराचं असंच असतं. साहेब म्हणाला दोन्ही बाजूंच्या भावना पोचल्या. भावना. मग चहा, बिस्कीट, फोटो. खाली पार्किंगला मी उभा राहिलो दोन कप घेऊन. एक माझा. दुसरा पण — दुसरा पण माझाच, मला लागतो दुसरा. ती जिन्यावरून आली, बाकीच्या ड्रायव्हरांबरोबर बोलत, हसत होती कशावर तरी, आन् माझ्या बाजूनं निघून गेली. दिसलो नसेन मी. खाकीत सगळे सारखेच दिसतात.

धोरण? आलं की. येणारच, येऊन कुणाचं काय बिघडतं. त्यात लिहिलंय भाडं अमुकच्या वर जायचं नाय, ड्रायव्हरला अमुक टक्के मिळालं पायजे, परवाना घेतला पायजे. छान लिहिलंय. आन् बिटकोला जाऊन बघा, सगळं होतं तसंच चाललंय. आम्ही पण होतो तसेच. बोर्ड हाय, जयराम हाय, पिंपळ हाय.

ती आता दोन्हीकडं नाय. ॲप नाय, स्टँड नाय. प्रफुल्ल फोन करतो मला अधूनमधून, तो सांगतो. डायलिसिसचे पेशंट नेती-आणती, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या भाड्यात. नाशिकरोडच्या, देवळालीच्या म्हाताऱ्या एकमेकींना तिचा नंबर देतात. रात्रपाळीच्या दोन नर्स हायेत. तिनं अजून दोघी बायकांना गाडी शिकवली म्हणे, त्या पण चालवतात. आता याला काय धंदा म्हणायचं? चार म्हाताऱ्या आन् तीन गाड्या. ना परमिटवाल्यांची ताकद मागं, ना कंपनी. आजारी पडली तर काय, गाडी ठोकली तर काय, कुणी उभं राहणार हाय का? मी प्रफुल्लला म्हटलं तसं. तो म्हणाला, नाना, तुम्ही सांगा ना तिला. मी म्हटलं, सांगीन.

काय म्हणतंय ते आता? ‘गाडी उपलब्ध नाही.’ स्पष्ट सांगितलं शेवटी. आन् तुम्हाला त्र्यंबकला संध्याकाळच्या आत पोचायचंय. जयरामबरोबर जाऊ नका. मीच सांगतो. एसी लावत नाय, आन् वाटेत त्याच्या मेव्हण्याच्या हॉटेलात थांबवतो.

एक नंबर देतो, लावा. माझ्यावरून नको — माझा लागत नाय तिकडं. रेंजचं काय तरी हाय. लय दिवस झाले. तुमच्यावरून लावा. सांगू? लिहा… हां, बरोबर. नाय, सेव्ह केलेला नाय, पाठ हाय. वाजतोय का? जरा — ते स्पीकरवर टाका. मी काय बोलत नाय. टाका फक्त.

…

ठेवला तिनं. मुक्तिधाम मंदिरापाशी हाय म्हणाली ना, पेशंट सोडून. ऐकलं मी. आवाज बसलाय थोडा. धुळीत फिरती दिवसभर, तोंडाला रुमाल बांधत नाय, लहानपणापासनं तसंच. तिनं विचारलं, नंबर कुणी दिला, आन् तुम्ही माझ्याकडं बघितलं. स्टँडवरच्या एका काकांनी, म्हणालात. काका. चालंल, चांगलं सांगितलं. मग ती गप्प झाली ना जरा? ते मागं ट्रक गेला म्हणून. तुमच्या कानाला नाय कळलं, आम्हाला सवय असती. मग म्हणाली, येते. काकांना काही निरोप हाय का, असं नाय विचारलं तुम्ही तिला. बरोबर, तुम्ही कशाला विचाराल.

चला, उठा. मुक्तिधाम इथून सरळ, चालत जाल. वाटेत माझ्याबद्दल काय बोलू नका तिच्याशी, गाडी चालवताना तिला बोललेलं आवडत नाय. बॅग द्या इकडं, मी चौकापर्यंत — नको. तुमची तुम्हीच घ्या, चाकं हायेत की तिला. काय बघताय? गाडी मिळाली ना तुम्हाला. निघा आता. अय जयराम, कुणाचा नंबर हाय पुढं?